घामाची पावती

मराठी माणसाचा देवावर विश्वास असो वा नसो, घामावर असतोच. एखाद्याची स्तुती करायची झाली, की "फार कष्टाळू हो!" एवढे म्हटले म्हणजे पुरते. ते कष्ट कसले, कशासाठी, आणि त्यांतून शेवटी निघते काय, ही चौकशी करणे असभ्यपणाचे समजले जाते. लग्नाच्या बोलणीत "मुलगा हुशार आहे" म्हटले, तर मुलीच्या बापाच्या कपाळाला आठी पडते. हुशारीचे काय सांगावे, उद्या आपल्यालाच टोपी घालायचा! पण "मुलगा मेहनती आहे" म्हटले, की पोह्यांची दुसरी बशी येते.

बँकेतही तोच न्याय चालतो. समजा, संध्याकाळी हिशेब जुळत नाही, नव्वद रुपयांचा फरक येतो. एक कारकून असा, की फरकाला नऊने पूर्ण भाग जातो हे पाहून तो आधी उलटापालट झालेले आकडे शोधतो. कुणाचे तरी ५४० रुपये ४५० म्हणून चढलेले असतात. दहा मिनिटांत चूक सापडते आणि हा मनुष्य डबा पिशवीत टाकून वेळेवर चालू लागतो. दुसरा कारकून पहिल्या व्हाउचरपासून शेवटच्या व्हाउचरपर्यंत तीनदा जातो, मध्ये दोन चहा पितो, घरी फोन करून "आज उशीर होईल गं" असे खोल आवाजात सांगतो, आणि रात्री आठला तीच चूक शोधून काढतो. दुसऱ्या दिवशी साहेब "माणूस निष्ठावान आहे" असे कुणाबद्दल म्हणतात, हे सांगायला नको. पगार कामाचा मिळतो, कौतुक घामाचे होते.

हा न्याय हल्ली जिममध्येही जाऊन पोचला आहे. आमच्या नाक्यावरची जिम पिठाच्या गिरणीच्या डोक्यावर आहे. खाली गहू दळतात, वर माणसे. आवाज दोन्हीकडे सारखाच. फरक इतकाच, की दळण संपले की खालची गिरणी बंद करतात. जिमच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत 'नो पेन, नो गेन' अशी पाटी आहे. ती पाहिली की मला आमचे काउंटर आठवते. पैसे काढायला येणाऱ्या निम्म्या लोकांजवळ पेन नसते, म्हणून तर ते दोरीला बांधून ठेवावे लागते. इथले पेन मात्र दुखण्याचे. दुखले नाही तर मिळाले नाही, असा त्या पाटीचा भावार्थ.

या जिमला दोन नेमाने येणारी माणसे आहेत. एक पंचविशीतला तरुण. तो दोन तास व्यायाम करतो. छातीचा रोज, कारण आरशात तीच आधी दिसते. पायांचा पुढच्या सोमवारपासून. प्रत्येक सेटच्या शेवटी तो असा ओरडतो की गिरणीवाला खालून वर बघतो. तो आमच्याच शाखेचा खातेदार. एकदा पैसे काढायला आला, तर हात इतका थरथरत होता की स्लिपवरची सही जुळेना. "काल जरा जास्त झालं, काका," तो म्हणाला. दुखऱ्या हाताचा त्याला केवढा अभिमान!

दुसरे एक निवृत्त मास्तर. वय अडुसष्ट. आठवड्यातून तीनच दिवस येतात, चाळीस मिनिटांत जातात. बरोबर एक शंभरपानी वही. व्यायाम पाचच प्रकारचे: बसून उठणे, ढकलणे, ओढणे, जमिनीवरून उचलणे आणि उचललेले घेऊन चालणे. प्रत्येकाचे वजन आणि आवर्तने वहीत, मास्तरी अक्षरात, तारखेसकट. एकदा मी पाहिले, मास्तर दहाव्या बैठकीनंतर थांबले. चेहऱ्यावरून तर अजून दमलेले दिसत नव्हते.

"थांबलात का मास्तर? अजून दोन झाल्या असत्या."

"झाल्या असत्या ना. म्हणूनच थांबलो. त्या दोन परवाला ठेवल्यात."

जिममध्ये मान तरुणाला आहे. मास्तरांकडे सगळे मायेने बघतात; वय झाले, आता होत नाही बिचाऱ्यांच्याने, अशा मायेने. मला मात्र या दोघांमुळे एक प्रश्न पडला आहे आणि तो व्यायामापुरता राहिलेला नाही. कष्टाला स्वतःची अशी काही किंमत आहे का? की जे हाती येते त्याचीच किंमत, आणि कष्ट हा फक्त त्याचा खर्च? कमी श्रमांत तेच साधणारा माणूस शहाणा म्हणायचा की कामचुकार?

घामापुरते उत्तर सोपे आहे. घाम म्हणजे शरीराने स्वतःला थंड ठेवण्यासाठी केलेली व्यवस्था. त्याचा स्नायूंशी, ताकदीशी सरळ हिशेब नाही. तसा असता, तर मे महिन्यात विरार फास्टमध्ये दादरला चढलेला प्रत्येक इसम बोरिवलीला हिंदकेसरी होऊन उतरला असता. घाम ही पैसे जमा झाल्याची पावती नव्हे. बँकेत गर्दी होती एवढाच तो पुरावा.

मग शरीर जमा धरते तरी काय? याबाबतीत ते आमच्या ऑडिटरपेक्षा कोरडे आहे. ते हेतू विचारत नाही, निष्ठा पाहत नाही. १९५३ साली जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टरांनी लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरच्या हजारो नोकरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दिवसभर बसून गाडी हाकणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा दिवसभर जिना चढउतार करणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी होत होता. आता कंडक्टर काही हृदयासाठी जिना चढत नव्हता. तिकिटे फाडत, उतारूंशी हुज्जत घालत, मनातल्या मनात कंपनीला शिव्या देत चढत असेल. शरीराने त्या शिव्या वजा केल्या नाहीत. पायऱ्या तेवढ्या जमा केल्या. पुढे १९५६ साली याच मॉरिससाहेबांनी नोकरांच्या गणवेशांची मापे तपासली, तेव्हा ड्रायव्हरांच्या पँटींची कंबर तरुण वयापासूनच जास्त असल्याचे दिसले. म्हणजे सगळे श्रेय जिन्याला देऊन चालणार नाही, हेही त्यांनीच दाखवले. स्वतःच्या निष्कर्षाची कंबर पुन्हा मोजून पाहणारा माणूस मला फार आवडतो.

असाच दुसरा एक. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस शिकागोच्या लष्करी इस्पितळात थॉमस डीलॉर्म नावाचा तरुण डॉक्टर होता. पाय जायबंदी झालेल्या सैनिकांना तेव्हा हलका व्यायाम पुष्कळ वेळा करायला लावत. याने उलट केले. जेमतेम दहा वेळा उचलता येईल इतके वजन घ्यायचे, आणि ताकद वाढेल तसे ते वाढवत न्यायचे. माणसे लवकर बरी होऊ लागली. १९४५ साली त्याने पद्धत प्रसिद्ध केली, तेव्हा दहा-दहाचे सात ते दहा सेट सांगितले होते. तीनच वर्षांनी, १९४८ साली, त्याने आणि त्याच्या सहकाऱ्याने सांगितले, की इतक्यांची गरज नाही, तीन पुरेत. पहिला निम्म्या वजनाचा, दुसरा पाऊण, तिसरा पूर्ण. आपल्याच औषधाचा डोस कमी करणारा डॉक्टर! त्याच्या जागी आपण असतो तर लोक काय म्हणतील या भीतीने सातचे पंधरा केले असते.

जरा जरा वाढवत नेण्याची ही युक्ती फार जुनी. इसवी सनापूर्वी सहाव्या शतकात क्रोटोनचा मायलो नावाचा ग्रीक मल्ल होता. तो म्हणे एक वासरू रोज खांद्यावर उचली. वासराचा बैल झाला तरी तो उचलतच राहिला. याला आमच्या भाषेत रिकरिंग डिपॉझिट म्हणतात. हप्ता लहान, पण चुकवायचा नाही. त्याच मायलोची अखेरही सांगतात. रानात एका झाडाचे चिरलेले खोड दिसले. ते हातांनी फाडून दाखवायची लहर आली. हात खोडात अडकले आणि रात्री लांडग्यांनी त्याला खाल्ले. ताकद कमावताना हिशेब होता, दाखवताना सुटला. गोष्ट खरी असो वा नसो, आरशासमोर उभे राहणाऱ्याने ती लक्षात ठेवावी.

इथे आमचे एक सहकारी आडवे येतात. डबा खाताना तत्त्वज्ञान सांगायची त्यांना सवय आहे. "अहो, आपण कर्म करावं. फळाचा हिशेब कसला ठेवता? गीता काय सांगते?" मला गीतेशी वाद घालायचा नाही, घालण्याइतकी ती मी वाचलेली नाही. पण फळावर हक्क नाही म्हणजे नांगर उलटा धरावा, असे तर भगवंतांनी कुठे म्हटलेले नाही ना? फळाचा लोभ सोडणे वेगळे आणि कामाची रीत सोडणे वेगळे. मास्तर वहीत लिहितात ते लोभाने नव्हे. कामाशी खोटे बोलायचे नाही म्हणून लिहितात. "आज फार केलं" असे मन सांगते. वही म्हणते, मागच्या मंगळवारइतकेच केले.

मात्र हुशारी आणि चलाखी यांत गल्लत नको. आमच्या जिममध्ये चलाखीचेही उत्तम नमुने आहेत. एक गृहस्थ ट्रेडमिलला चढ देतात आणि पुढचा दांडा दोन्ही हातांनी घट्ट धरून मागे रेलतात. चढ यंत्राचा, आराम यांचा. दुसरे डंबेल उचलताना कमरेला असा झोका देतात की दंडाला पत्ताच लागत नाही. तिसरे बैठक काढताना एवढेच वाकतात, जेवढे आपण लांबच्या नातेवाइकाला नमस्कार करताना वाकतो. वजन मात्र मोठे लावलेले. वाणिज्य शाखेत याला 'विंडो ड्रेसिंग' म्हणून शिकवतात: एकतीस मार्चला ताळेबंद गुटगुटीत दिसावा म्हणून केलेली सजावट. शरीराचा ऑडिटर मात्र मार्चमध्ये येत नाही. लिफ्ट बंद असते, हातात दोन पिशव्या असतात आणि घर चौथ्या मजल्यावर असते, त्या दिवशी येतो.

तेव्हा रेघ इथे ओढावी असे मला वाटते. वाया जाणारे श्रम वाचवतो तो हुशार. लागणारे श्रम चुकवतो तो चलाख. बाहेरून दोघेही कमी दमलेले दिसतात, म्हणून लोक दोघांना एकाच मापाने मोजतात.

आणि हुशारीचा रस्ता सोपा असतो, हीही समजूत चुकीची आहे. दोन तास ओरडणे त्या मानाने सोपे. थांबणे कठीण. आपल्याकडे हे फार पूर्वी कुणाला तरी कळले होते. सुश्रुताने व्यायाम निम्म्या शक्तीने करावा असे सांगून ठेवले आहे, आणि निम्मी शक्ती कशी ओळखायची तेही सांगितले आहे: श्वास तोंडाने घ्यावा लागू लागला की ती मर्यादा आली. आजचे ट्रेनर चालणाऱ्याला सांगतात, बोलता यावे पण गाणे म्हणता येऊ नये, इतपत वेगाने चाला. दोघांचे नाते जवळचे दिसते. ताकदीच्या व्यायामात निम्म्याच्या पुढे जावे लागते, हे खरे. पण तिथेही प्रत्येक सेट जीव जाईपर्यंत ओढावा लागत नाही. एक-दोन आवर्तने हातची राखली तरी चालते. स्नायू दुरुस्त होतो आणि वाढतो तो पुढच्या एक-दोन दिवसांत. त्याला झोप लागते, डाळ-उसळ-अंडी लागतात. व्याज बँक बंद असतानाही चढत असते, हे आम्ही खातेदारांना रोज समजावतो. ते लोकांना पटते. झोपेत ताकद चढते हे पटत नाही, कारण झोपलेल्या माणसाचे कौतुक करायची आपल्यात पद्धत नाही.

हे सगळे मी गमतीने लिहितो आहे, पण सांगलीच्या मावशीची गोष्ट गमतीची नाही. मावशीएवढे कष्ट मी कुणी केलेले पाहिले नाहीत. विहिरीचे पाणी, धुणी, पाट्यावरचे वाटण, पन्नास माणसांचा स्वयंपाक. घामालाच किंमत असती, तर तिच्या नावावर दोन जन्मांची ठेव निघाली असती. मुले मोठी झाली, कमावती झाली, आणि त्यांनी तिला आपल्यातला सर्वांत मोठा आशीर्वाद दिला: "आई, आता तू बसून खा." घरात बाई ठेवली. पाट गेले, डायनिंग टेबल आले. देवपूजाही स्टुलावर बसून. माया खोटी नव्हती. मुले गुणी आहेत. पण शरीराने मागचे कष्ट पुढे ओढले नाहीत. जे मागितले जात नाही ते शरीर काढून टाकते. पंचाहत्तराव्या वर्षी मावशी हळदीकुंकवाला सतरंजीवर बसली, तर तिला उठता येईना. दोघींनी धरून उठवले. पडली नाही, लागले नाही. पण नंतर मला म्हणाली, "आता दुसऱ्याच्या हातानं उठायचं रे. आयुष्यभर दुसऱ्यांना उठवलं."

आपण समजतो, कष्ट हे देणे आहे आणि विश्रांती ही त्याची मजुरी. एकदा देणे फिटले की उरलेले आयुष्य मजुरी खात बसायचे. शरीराच्या वहीत असे खातेच नाही.

पण तिथे उशीरही सहसा झालेला नसतो. १९९० साली अमेरिकेत नव्वदीच्या घरातल्या दहा वृद्धांकडून आठ आठवडे पायांचा वजनांचा व्यायाम करून घेतल्याचा वृत्तान्त प्रसिद्ध झाला. त्यांतल्या व्यायाम पूर्ण करणाऱ्यांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. नव्वदाव्या वर्षी! इतके व्याज कुठलीही बँक देत नाही. दिले तर आधी पोलिसांना कळवावे.

मावशीला फिजिओथेरपीच्या मुलीने जो व्यायाम दिला, तो पाहून मास्तर खूश झाले असते. खुर्चीवर दोन उशा ठेवायच्या, त्यावर बसायचे आणि हात न टेकता उठायचे. पाच वेळा. दमायच्या आत थांबायचे, एक दिवस मध्ये सोडायचा. जमू लागले की एक उशी काढायची. "या वयात मला तालमीत घालतेस का गं?" मावशीने विचारले. मुलगी म्हणाली, "हो आजी, पण लंगोट नको." तीन आठवड्यांनी मला फोन आला. तिकडून ना खुशाली, ना पाऊसपाणी. नुसते एक वाक्य: "आज एक उशी काढली." मुलाला पहिली नोकरी लागली तेव्हाही तिचा आवाज असा नव्हता. त्या व्यायामात घामाचा एक थेंब नव्हता. कष्ट मात्र होते, आणि ते नेमके लागतील तेवढे होते.

जागतिक आरोग्य संघटनेचा २०२० सालचा सल्लाही काही दोन तास ओरडा असे सांगत नाही. मोठ्या माणसांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे बऱ्यापैकी वेगाने चालण्यासारखे काहीतरी करावे, निदान दोन दिवस स्नायूंना ताकदीचे काम द्यावे, आणि तेवढे जमले नाही तर जमेल तेवढे करावे. काहीच नाही यापेक्षा थोडे बरे. शेवटचे वाक्य मला सर्वांत नैतिक वाटते. आपला माणूस एक दिवस जिम चुकली की पाप लागल्यासारखा तोंड लपवतो आणि वर्षभर फिरकत नाही. फी मात्र वर्षाची भरलेली असते. हप्ता चुकला म्हणून कुणी खाते जाळून टाकत नाही. पुढच्या तारखेला भरायचा.

तेव्हा कष्टाला किंमत आहे का? आहे. पण ती रोख रकमेची नाही, चेकची आहे. चेकवर आकडा कितीही मोठा लिहिता येतो, लिहिताना हातही दुखतो, आणि पाहणारे दबकतात. तो वटतो कधी? मागे खात्यात झोप असेल, जेवण असेल, नेम असेल आणि वेळेवर थांबण्याइतकी नम्रता असेल तर. नसेल तर परत येतो. आणि परत आलेल्या चेकवर सही किती जोर लावून केली होती, हे कुणी विचारत नाही. सही जुळली तरी पुष्कळ.